बोल्डिनीच्या चित्रातली माणसं स्वस्थ का बसत नाहीत?

पोर्ट्रेट म्हटलं की एक ठरीव बैठक डोळ्यांपुढे येते. खुर्चीत ताठ पाठीनं बसलेला माणूस, एक हात मांडीवर, दुसरा टेबलावरच्या जाडजूड पुस्तकावर, नजर थेट समोर. संस्थानिकांच्या वाड्यांपासून बँकांच्या दालनांपर्यंत अशी चित्रं इतकी पाहिलेली असतात, की चित्रातल्या माणसानं हलायचंच नसतं असं वाटायला लागतं.

जोव्हानी बोल्डिनी या इटालियन चित्रकाराला हे मान्य नव्हतं. न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये त्यानं १९०६ साली रंगवलेलं इंग्लंडमधल्या मार्लबरोच्या डचेसचं चित्र आहे. कॅनव्हास दोन मीटरहून उंच. डचेस म्हणजे मूळची अमेरिकेतल्या कोट्यधीश घराण्यातली कॉन्सुएलो व्हँडरबिल्ट, आणि तिला रेललेला तिचा धाकटा मुलगा आयव्हर. ती कोचावर बसली आहे खरी, पण ते बसणं तात्पुरतं आहे. अंगात पीळ आहे, हात लांबवर पसरलेला आहे, वस्त्राच्या कडा ब्रशच्या फटकाऱ्यांत विरून गेल्या आहेत. दारावर कुणी टकटक केली तर ही बाई उठून चालू लागेल.

हे त्यानं कसं साधलं, आणि पदरचे पैसे मोजून लोकांना असं अस्वस्थ चित्र का हवं होतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याच्या शिक्षणात आहे, दुसऱ्याचं त्याच्या काळात.

फेरारा, फ्लॉरेन्स आणि एक कॅफे

बोल्डिनीचा जन्म ३१ डिसेंबर १८४२ चा, उत्तर इटलीतल्या फेरारा शहरातला. तेव्हा इटली नावाचा एकसंध देश नव्हता. फेरारा पोपच्या राज्यात मोडायचं. वडील अंतोनियो धार्मिक विषयांची चित्रं काढणारे चित्रकार, आणि मुलाचे पहिले गुरूही तेच. विशीत पाऊल टाकल्यावर तो फ्लॉरेन्सच्या कला अकादमीत गेला. पण अकादमीपेक्षा त्याला जास्त शिकवलं ते ‘काफे मिकेलांजोलो’ नावाच्या एका अड्ड्यानं.

तिथे जमणाऱ्या तरुण चित्रकारांना ‘माक्यायोली’ म्हणत. हे नाव आधी टिंगल म्हणून पडलं: डाग पाडणारे लोक. त्यांचं म्हणणं समजून घ्यायला हवं, कारण बोल्डिनीचं पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अकादमीत शिकवत ते असं: आधी आकाराची रेषा नेटकी काढा, मग आत छाया-प्रकाशाचे हळुवार थर द्या, आणि ब्रशची खूण कुठेही दिसू देऊ नका. माक्यायोली म्हणत, भर उन्हात उभं राहून बघा, डोळ्याला रेषा दिसतच नाही. दिसतो तो उजेडाचा एक डाग, सावलीचा एक डाग, आणि दोघांतला फरक. मग तेच रंगवा. पांढरी भिंत आणि तिच्यावर पडलेली बैलगाडीची सावली असे दोन डाग अचूक तोलाचे शेजारी शेजारी बसले, की बाकीचं डोळा आपण होऊन भरून घेतो.

या मंडळींचा ओढा शेतं, गुरं, समुद्रकिनारा यांकडे होता. बोल्डिनीनं ती नजर घराच्या आत नेली. माणसाच्या मागे तपकिरी किंवा काळपट पडदा टाकून पोर्ट्रेट करायची तेव्हा रीत होती. त्याऐवजी त्यानं माणसामागे त्याची खरी खोली रंगवायला सुरुवात केली: भिंतीवरच्या तसबिरी, कपाट, पसारा. याच गोटातला चित्रकार आणि समीक्षक तेलेमाको सिन्योरिनी यानं १८६७ मध्ये या गोष्टीची मुद्दाम दखल घेतली. आज ही बाब क्षुल्लक वाटेल, पण माणूस त्याच्या जागेत दिसला की तो मूर्तीसारखा राहत नाही, काहीतरी करता करता थांबलेला वाटतो. हालचालीचा पहिला धागा इथला.

त्याच सुमारास फ्लॉरेन्स नव्या इटलीची राजधानी होती (१८६५ ते १८७१) आणि शहरात श्रीमंत इंग्रजांची चांगली वस्ती होती. त्यातल्या इसाबेला फाल्कनर या बाईंनी बोल्डिनीला हाताशी धरलं. पिस्तोयाजवळच्या त्यांच्या बंगल्यात त्यानं एका खोलीच्या भिंती ग्रामीण देखाव्यांनी भरून काढल्या. पुढे बंगल्याचे मालक बदलले, खोली अडगळीची झाली आणि भिंतींचा सगळ्यांना विसर पडला. बोल्डिनीच्या मृत्यूनंतर, १९३८ मध्ये, त्याच्या पत्नीनं त्या शोधून काढल्या.

पॅरिसमध्ये आधी दुकानदारी

लंडनमध्ये थोडा काळ काढून १८७१ च्या अखेरीस बोल्डिनी पॅरिसला पोचला. फ्रान्स नुकताच प्रशियाकडून हरला होता, पॅरिस कम्यूनचा, म्हणजे शहरातल्या कष्टकऱ्यांचा, उठाव रक्तात बुडवला गेला होता. अशा शहरात चित्रं विकायला येणं धाडसाचं वाटेल, पण बाजार लवकरच सावरला आणि त्या बाजाराचा बादशहा होता गुपिल नावाचा कलाव्यापारी. युरोप-अमेरिकेत त्याची गिऱ्हाइकं होती आणि चित्रांच्या छापील प्रतीही तो विकायचा. (व्हिन्सेंट व्हॅन गॉग याच पेढीत नोकरीला होता आणि १८७५-७६ मध्ये तिच्या पॅरिस शाखेत होता. पुढे त्याला कामावरून काढलं.)

गुपिलच्या गिऱ्हाइकांना काय हवं होतं? वितभर आकाराची, अतिशय बारीक कामाची, अठराव्या शतकातल्या पोशाखांतली गोड दृश्यं. बागेत बसलेली तरुणी, सॅटिनचा झगा, पंखा, एखादा केसांना पावडर लावलेला प्रेमिक. बोल्डिनीनं ती भरपूर काढली. आज ती बघताना मला साखरेचा अंमळ त्रास होतो. पण या कामानं त्याच्या हाताला एक वळण लागलं. चार बोटं जागेत सॅटिन चमकवायचं, तर कुठला एक पांढरा ठिपका पुरेसा आहे ते कळावं लागतं. सोबत तो रस्त्यावरची चित्रंही करत होता. पॅरिसमधला रस्ता ओलांडणारी, स्कर्टचा घोळ उचलून घाईनं निघालेली बाई त्यानं १८७० च्या दशकातच रंगवली होती.

१८७६ मध्ये तो हॉलंडला गेला. तिथे त्यानं सतराव्या शतकातल्या फ्रान्स हाल्स या डच चित्रकाराची पोर्ट्रेटं पाहिली. हाल्सनं दोनशे वर्षांपूर्वीच ब्रशचे फटकारे उघडे ठेवले होते. जवळून बघावं तर नुसत्या रंगाच्या रेघोट्या, चार पावलं मागे सरकलं की हसणारा माणूस. बोल्डिनीच्या डोक्यात तोवर फ्लॉरेन्सचे डाग होते आणि बोटांत गुपिलची नजाकत होती. हाल्सनं त्याला ते मोठ्या आकारात आणि वेगात करण्याची परवानगी दिली, असं म्हणता येईल.

वेर्दीचे दोन चेहरे

बोल्डिनी समजून घ्यायचा तर १८८६ मधली दोन चित्रं शेजारी ठेवावीत. दोन्ही एकाच माणसाची: इटलीचा महान ऑपेरा-संगीतकार जुझेप्पे वेर्दी. वय बहात्तर.

पहिलं तैलचित्र. वेर्दी खुर्चीत बसलेला, हात खाली, समोर बघणारा. चांगलं चित्र आहे, भारदस्त आहे, पण त्या ठरीव बैठकीतलंच आहे. ते काढत असताना वेर्दीची पत्नी आणि एक मित्र खोलीत बसून गप्पा मारत होते, चित्रकाराचं लक्ष लागेना, असं सांगतात. ते चित्र पुढे वेर्दीनं मिलानमध्ये स्वतः स्थापन केलेल्या निवृत्त संगीतकारांच्या आश्रमाला देऊन टाकलं.

बोल्डिनीचं समाधान झालं नव्हतं. त्यानं वेर्दीला पुन्हा बोलावलं. ९ एप्रिल १८८६ रोजी, एकाच बैठकीत, पाचेक तासांत, त्यानं पेस्टल खडूंनी दुसरं चित्र केलं. डोक्यावर काळी उंच टोपी, गळ्यात पांढरा रेशमी रुमाल, पांढरी दाढी. पाठीमागे राखाडी पोकळी आणि तिच्यात खडूच्या काही तिरक्या ओळी. कोट जवळजवळ नाहीच, काळ्या रंगाचे नुसते ओढे आहेत. सगळी बारकाई डोळ्यांभोवती. वेर्दी जायला निघाला आहे, टोपी चढवली आहे आणि जाता जाता वळून आपल्याकडे बघतो आहे, असं वाटत राहतं.

हे चित्र बोल्डिनीनं विकलं नाही. प्रदर्शनांत मांडलं, १८९५ च्या पहिल्या व्हेनिस बिएनालेत, म्हणजे तिथल्या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनातही ठेवलं, पण तीस वर्षांहून अधिक काळ स्वतःपाशी जपलं. अखेर १९१८ मध्ये रोमच्या राष्ट्रीय आधुनिक कलासंग्रहालयाला भेट दिलं. माझ्या मते हे त्याचं सर्वांत चांगलं पोर्ट्रेट आहे, आणि त्यात ना शिफॉन आहे, ना मोत्यांची माळ.

हलण्याचा भास कसा होतो

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली. जॉन सिंगर सार्जंट हा अमेरिकन पोर्ट्रेटकार पॅरिस सोडून लंडनला स्थायिक झाला. एका बाईच्या पोशाखाची पट्टी खांद्यावरून घसरलेली दाखवल्यामुळे १८८४ मध्ये त्याच्या चित्रावर मोठा गहजब झाला होता आणि पॅरिसमधली गिऱ्हाइकं आटली होती. बुलेव्हार बेर्तिएवरचा, ४१ क्रमांकाचा त्याचा स्टुडिओ बोल्डिनीनं घेतला. पॅरिसमध्ये श्रीमंतांची मोठी पोर्ट्रेटं करणाऱ्याची जागा रिकामी झाली होती आणि ती त्यानं भरली. पुढची पंचवीस-तीस वर्षं त्याचा दबदबा होता.

त्याची कारागिरी उलगडून पाहू. चित्राजवळ गेल्यावर पहिली गोष्ट दिसते ती ही, की सगळं चित्र एकाच पातळीवर पुरं केलेलं नाही. चेहरा, गळा, खांदे यांचा रंग मऊ, मिसळलेला, गुळगुळीत असतो. तिथून नजर खाली घसरली की काम मोकळं होत जातं. पोशाखाचा घोळ दहा-बारा लांब फटकाऱ्यांत उरकलेला, पायाशी तर नुसता कॅनव्हास घासलेला. आपला डोळाही असाच चालतो. नजरेच्या अगदी मधल्या छोट्या भागातच आपल्याला तीक्ष्ण दिसतं, कडेचं सगळं धूसर असतं. समोरून कुणी झपकन गेलं की चेहरा तेवढा लक्षात राहतो, कपडे रंगाचा पट्टा होऊन जातात. बोल्डिनी चित्र त्या क्रमानं रंगवतो, म्हणून मेंदू ते हलतं समजतो.

दुसरी गोष्ट फटकाऱ्यांची दिशा. त्याचा ब्रश आकाराच्या कडेला थांबत नाही. बाहीचा फटकारा बाहेर पडून पार्श्वभूमीत जातो, पार्श्वभूमीतले फटकारे परत पोशाखात शिरतात. माणूस आणि हवा यांच्यातली वेस पुसली की माणूस हवेतून चालल्यासारखा दिसतो. हे फटकारे वेगानं मारलेले आहेत, पण बेफिकीर नाहीत. मोडी लिहिणारा जुना कारकून बोरू न उचलता ओळ पुरी करायचा. त्या धावत्या अक्षरामागे वर्षांचा सराव असे आणि एक वळण चुकलं तर दस्ताचा अर्थ बदले. बोल्डिनीचा फटकारा त्या जातीचा आहे. फेरारातल्या त्याच्या संग्रहालयातली रेखाटनं आणि कच्ची टिपणं पाहिली तर ही सहजता किती घोटलेली होती ते कळतं.

तिसरी गोष्ट शरीराचा पीळ. डोकं एका दिशेला, छाती दुसऱ्या, गुडघे तिसऱ्या. ही युक्ती त्याची नव्हे. सोळाव्या शतकातल्या फ्लॉरेन्सच्या चित्रकारांनी आणि शिल्पकारांनी सापासारखी वळलेली, लांब मानेची आकृती भरपूर वापरली होती आणि बोल्डिनी त्याच शहरात शिकला होता. त्यानं त्यात भर घातली ती बसण्याच्या जागेची. त्याच्या स्टुडिओतली नेपोलियनच्या काळातल्या घाटाची आसनं अनेक चित्रांतून पुन्हा पुन्हा भेटतात, आणि बाई त्यावर टेकलेली असते ती कडेवर. कडेवर बसलेला माणूस तोल सावरत असतो, त्यामुळे अंग आपोआप ताणलं जातं.

आणि उंची. कॅनव्हास उभा, अरुंद. नजर जराशी खालून. पाय आणि हात खऱ्यापेक्षा लांब. यात खुशामत आहेच, नाकारण्यात अर्थ नाही.

फोटो असताना चित्र कशाला?

आता दुसरा प्रश्न. १८३९ मध्ये फोटोचं तंत्र जाहीर झालं. १८५४ मध्ये पॅरिसच्या दिस्देरीनं भेटकार्डाच्या आकाराच्या छोट्या फोटोंचं पेटंट घेतलं आणि चेहरा टिपून घेणं मध्यमवर्गाच्याही आवाक्यात आलं. हुबेहूब दिसणं ही पोर्ट्रेटकाराची जुनी मिरास होती, ती गेली. अनेक चित्रकारांचा धंदा बसला.

पण त्या फोटोत एक उणीव होती. स्टुडिओत बसणाऱ्याला खिळून राहावं लागे. सुरुवातीला तर मान हलू नये म्हणून मागून लोखंडी टेकू लावत. १८८० नंतर काचेच्या सुक्या प्लेटा आल्या, वेळ कमी झाला, तरी बैठकीचा ताठरपणा लगेच गेला नाही. रंग नव्हता, माणसाएवढा आकार नव्हता. म्हणजे ज्याच्याकडे खूप पैसा आहे त्याला फोटोत न मिळणाऱ्या तीन गोष्टी चित्रात मिळू शकत होत्या: रंग, भव्यता आणि हालचाल. बोल्डिनी नेमक्या त्या तिन्ही विकत होता.

गिऱ्हाईकही नव्या प्रकारचं होतं. जुन्या सरदार घराण्यांना जमिनीचं उत्पन्न पुरेना, तर अमेरिकेतल्या रेल्वे-उद्योगांच्या मालकांना पदवी हवी होती. कॉन्सुएलोचं लग्न या सौद्याचं गाजलेलं उदाहरण आहे. अशा घरांना भिंतीवर पोर्ट्रेट लागे ते प्रतिष्ठा कमावण्यासाठी. शिवाय पॅरिसच्या वार्षिक प्रदर्शनात, म्हणजे सलोंमध्ये, ते टांगलं जाई, वर्तमानपत्रांत त्यावर लिहून येई. पोशाख कुठल्या शिंप्याकडचा आहे हेही लोक बघत. नव्या श्रीमंतांना पूर्वजांसारखं अचल दिसायचं नव्हतं. मोटार आणि विजेच्या काळात वेग हीच ऐट होती.

त्याच्यासमोर बसणाऱ्यांची यादी मोठी आहे. लंडनमध्ये १८८६ च्या घटस्फोटाच्या खटल्यानं बदनाम झालेली, नंतर पत्रकार म्हणून नाव काढलेली लेडी कॉलिन कॅम्बेल काळ्या पोशाखात आहे. मार्केझा (इटलीतली सरदारीण) कासाती १९०८ मध्ये काळा ग्रेहाउंड घेऊन आली. या बाईला स्वतःलाच कलाकृती बनवायचं होतं, आणि चित्र बघताना कोण कोणाला वापरतंय असा प्रश्न पडतो. रोबेर द माँतेस्क्यू या नखरेल सरदाराला त्यानं १८९७ मध्ये राखाडी सुटात रंगवलं. तो आपल्याकडे बघतच नाही, हातातल्या निळ्या मुठीच्या छडीकडे निरखून बघतो आहे. गर्विष्ठ माणसावर इतकी सभ्य टीका क्वचितच कुणी केली असेल. त्याच वर्षी चित्रकार व्हिसलर त्याच्यासमोर बसला. कानशिलाला बोटं टेकवलेला, धारदार नजरेचा व्हिसलर आज ब्रुकलिन म्युझियममध्ये आहे. बैठकीदरम्यान म्हातारबुवांना डुलकी लागली, तर बोल्डिनीनं तांब्याच्या पत्र्यावर सुईनं तीही टिपून घेतली. फ्रेंच चित्रकार एडगर देगा तर त्याचा जुना स्नेही. दोघं १८८९ मध्ये मिळून स्पेन आणि मोरोक्को फिरून आले.

मला स्वतःला त्याची पुरुषांची पोर्ट्रेटं अधिक आवडतात. तिथे पोशाख साधा, त्यामुळे फटकाऱ्यांना चेहऱ्यासाठी राबावं लागतं.

टीका आणि अखेर

त्याच्यावर टीका झाली आणि ती बिनबुडाची नव्हती. इंग्रज चित्रकार वॉल्टर सिकर्टनं या धाटणीच्या चित्रकारांना ‘वळवळ आणि शिफॉन’ संप्रदाय म्हणून हिणवलं आणि बोल्डिनीला त्याचा जनक ठरवलं. १९१० च्या आसपासची काही चित्रं पाहिली की सिकर्टचं म्हणणं पटतं. चेहरे एकमेकींच्या बहिणी वाटतात, मान हंसाला लाजवेल इतकी लांब होते, फटकारे सवयीनं पडतात. वेर्दीच्या चित्रातला फटकारा काहीतरी शोधत होता. इथे त्याला उत्तर आधीच माहीत आहे.

पहिल्या महायुद्धानं गिऱ्हाइकांचं ते जगच उधळलं. बोल्डिनी युद्धाच्या काळात नीसला जाऊन राहिला. परत आला तोवर पॅरिसमध्ये घनवादही (वस्तू कोनाकोनांत फोडून रंगवणारी पिकासोची शैली) जुना व्हायला लागला होता. डोळे अधू होत गेले, तसे रंग मागे पडले आणि कोळशाची मोठी रेखाटनं हाती आली. बुटका, तिरकस जिभेचा, बायकांच्या गराड्यात वावरलेला हा माणूस जन्मभर अविवाहित राहिला होता. १९२९ मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, त्यानं एमिलिया कार्दोना या इटालियन पत्रकार तरुणीशी लग्न केलं. मी म्हातारा आहे हा माझा दोष नाही, ते एकदम घडलं, असं तो लग्नाच्या जेवणात म्हणाल्याचं सांगतात. दोन वर्षांतच, १९३१ मध्ये, तो पॅरिसमध्ये वारला. दफन मात्र फेरारात, आईवडिलांशेजारी झालं.

एमिलियानं त्याचं चरित्र लिहिलं, चित्रं सांभाळली, आणि १९३५ मध्ये फेरारात त्याच्या नावाचं संग्रहालय उभं राहिलं. तिच्या लिखाणाचा एक उपयोग फार नंतर झाला. २०१० मध्ये पॅरिसच्या नवव्या प्रभागातला, दुसऱ्या महायुद्धापासून कुलूपबंद असलेला एक फ्लॅट उघडला गेला. आत धुळीत फिकट गुलाबी पोशाखातल्या तरुणीचं एक मोठं चित्र होतं. अंगातला पीळ, लांब मान, पायाकडे विरत जाणारा झगा पाहून जाणकारांना शंका आली, पण चित्राची कुठल्याच यादीत नोंद नव्हती. ती मार्थ द फ्लोरियाँ नावाची पॅरिसमधली नटी. फिती बांधून जपलेल्या तिच्या प्रेमपत्रांत बोल्डिनीची चिठ्ठी निघाली. आणि हे चित्र १८९८ चं, हा उल्लेख सापडला तो एमिलियाच्या पुस्तकात. लिलावात चित्र एकवीस लाख युरोंना गेलं.